तिन्ही पाळ्या एकदम

मागांच्या शेडमध्ये कुणी कुणाला हाक मारत नाही. मारून उपयोग नसतो. दोनशे चाळीस यंत्रमाग एकाच छपराखाली सुरू असले की माणसाचा आवाज घशातल्या घशात राहतो. धोटा इकडून तिकडे आपटतो, तिकडून इकडे आपटतो, मिनिटाला दोनशे वेळा, आणि असे दोनशे चाळीस धोटे. नवीन आलेली पोरगी पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवून रडते, दुसऱ्या दिवशी कानांत कापसाचे बोळे घालते, आणि दहा वर्षांनी तिला बोळ्यांची गरजच उरत नाही. मग बायका बोलतात कशा? ओठांनी. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सावकाश चघळून, आवाज न काढता. त्याला त्या ओठबोली म्हणतात. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला पन्नास पावलांवरून सासूचं गाऱ्हाणं सांगते, आणि मधून चाललेल्या मॅनेजरला त्यातलं अक्षर कळत नाही. ते मॅनेजरबद्दल असलं तरी.

ताईने या शेडमध्ये अडतीस वर्षं काढली होती. चार माग तिच्या हाताखाली, खिडकीच्या बाजूचे. शेजारच्या चार मागांवर ठेंगणी. ठेंगणीला तिच्या नवऱ्यानेही कधी खऱ्या नावाने हाक मारली नसेल. मागावरच्या सुताच्या बीमपर्यंत हात पोचावा म्हणून ती पायाखाली लाकडी खोकं घेऊन काम करायची, आणि जिभेने मात्र सगळ्या शेडपेक्षा उंच होती. म्हणजे ओठांनी.

ताईचा धाकटा भाऊ ताईसाठी बारक्या. बाकी जगासाठी आधी दादा आणि मग साहेब. आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि ताई अठराची. पुढे त्याची आई तीच. त्याला अठरा वर्षं पुरी झाली तसं तिने त्याला शेडमध्ये आणून आपल्या शेजारी उभं केलं. तुटलेला धागा जोडायची गाठ तिने शिकवली, धोट्यात सुताची कांडी भरायला तिने शिकवलं आणि ओठबोलीही तिनेच शिकवली. पोरगं हुशार. सहा महिन्यांत तो बायकांपेक्षा झकास ओठ हलवायला लागला. मागांना तेल घालणारा एक पोरगेला माणूस होता, त्याला सगळे तेलवाला म्हणत. दोघांची जोडी जमली. दिवसभर शेडच्या दोन टोकांना उभे राहून काय काय टवाळक्या करत असत देव जाणे.

त्या शेडमध्ये बारक्याला आवाज आहे हे सहा वर्षं कुणाला माहीतच नव्हतं. ते कळलं फाटकासमोरच्या मैदानात. मालकाने एका बाईने चारऐवजी सहा माग चालवावेत असा फतवा काढला होता. चोवीस वर्षांचा बारक्या पिंपावर चढला आणि बोलला. असा खणखणीत, असा भरदार आवाज, की अर्ध्या बहिऱ्या झालेल्या बायकांनाही तो छातीत ऐकू आला. त्याने तिन्ही पाळ्यांच्या बायकांना एकाच वेळी बाहेर बोलावलं होतं, सगळ्यांनी मिळून शपथ घ्यावी म्हणून. एकशे ऐंशी बायकांनी शपथ घेतली, टाळ्या वाजवल्या, आणि मागे वळून पाहिलं तर फाटकाला कुलूप. शेड रिकामी सापडली आणि मालकाने डाव साधला. आत एक जरी कामगार असेल तर फाटक बंद करता येत नाही, कायदाच तसा आहे. आत कुणीच नव्हतं.

एकशे पाच दिवस ते कुलूप तसंच राहिलं. बारक्या घरी येऊन ताईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला होता. "माझ्यामुळे झालं गं, ताई. मी गाढव आहे." ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली होती, "गाढव आहेसच. पण यातून काहीतरी शीक."

तो शिकला. कुलूप निघाल्यावर त्याने एक नियम घालून दिला, आणि शेडने तो उचलून धरला. हातावर हात. पाळी संपली तरी येणारीने मागाच्या दांड्यावर हात ठेवल्याशिवाय जाणारीने आपला हात काढायचा नाही. सुट्टीच्या दिवशी पाच जणी आळीपाळीने आत बसायच्या, डबा घेऊन, बिड्या फुंकत. सव्वीस वर्षांत शेड एक क्षणही रिकामी राहिली नाही. बाळंतकळा सुरू झालेली बाई येणारीची वाट बघत मागाला धरून उभी राहिली होती, हे ताईने डोळ्यांनी पाहिलं होतं. कारण नियम दादाचा होता. त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बायकासुद्धा त्याला दादा म्हणत.

मग दादाची गाडी सुसाट सुटली. युनियनचा चिटणीस झाला. अकरा दिवस तुरुंगात राहून आला, आणि त्या अकरा दिवसांवर त्याने पुढची अकरा वर्षं भाषणं केली. मग नगरसेवक. सायकलची मोटरसायकल झाली. मग आमदार, मोटरसायकलची मोटार झाली. निवडून यायला पहिल्या पक्षाचा आधार घेतला, टिकून राहायला दुसऱ्याचा, आणि मंत्री व्हायला तिसऱ्याचा. दर वेळी तो शेडच्या फाटकाशी येऊन सांगायचा, "झेंडा बदलला, माणूस तोच आहे." बायका टाळ्या वाजवायच्या. ताईही वाजवायची. आपल्या हाताने वाढवलेल्या पोराला टाळ्या न वाजवून सांगते कुणाला?

तेलवालाही त्याच्याबरोबर वर चढला, त्याचा स्वीय सहायक झाला. तेलाचा डबा सुटला, फायलींची बॅग आली. सभागृहात विरोधक आरडाओरडा करत असले की हे दोघे इकडच्या बाकावरून तिकडच्या दारापर्यंत ओठबोलीत बोलून घेतात म्हणे, आणि कुणाच्या बापाला कळत नाही. बारक्यानेच एकदा हसत हसत ताईला सांगितलं होतं. तिला तेव्हा अभिमान वाटला होता. आपली भाषा कुठवर पोचली बघा!

कामगारमंत्री झाल्यावर त्याने शेडच्या बायकांसाठी कानाची यंत्रं वाटली. मंडप, हार, फोटोवाले. प्रत्येकीच्या कानात मंत्रिमहोदयांनी स्वतःच्या हाताने यंत्र बसवलं. आठ दिवसांत बॅटऱ्या संपल्या. नवीन बॅटऱ्या येणार होत्या, त्या अजून येताहेत. ताईने आपलं यंत्र फडताळात ठेवून दिलं आणि कुणी विचारलं की म्हणायची, "अहो, त्याला किती व्याप!" संताप यायला हवा होता तो तेव्हाच. पण घरच्या माणसाचा संताप आपण उद्यावर टाकतो, आणि उद्या पुन्हा उद्यावर.

यंदा मालकाच्या मुलाने शेडचं छप्पर धोक्याचं ठरवलं. सहा महिने दुरुस्ती, तोवर सगळ्यांनी बाहेर, नंतर सन्मानाने आत. छप्पर तीस वर्षं गळत होतं तेव्हा ते धोक्याचं नव्हतं. फाटकाबाहेरच्या जमिनीवर चकचकीत इमारती उभ्या राहिल्या आणि छप्पर एकदम धोक्याचं झालं. बायका काही दूधखुळ्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं, परत घेण्याची लेखी हमी आधी द्या, मग हात काढतो. दोन महिने त्या हटल्या नाहीत. हातावर हात चालूच.

आणि एका रविवारी दुपारी बारक्या ताईच्या घरी आला. दोन वर्षांनी आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून एकटाच चालत आला, चपला दाराबाहेर काढल्या, खाटेच्या कडेला बसला. ताईने चहा टाकला. तो नेहमीसारखा तिच्याशी ओठबोलीत बोलायला लागला. घरातही ते दोघे तसेच बोलायचे, कारण तिला दुसरं काही कळायचं नाही.

"ताई, मी हमीचा कागद घेऊनच येतो. मालकाची सही, माझी सही. पण हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. बंद खोलीत केलं तर लोक म्हणतील दादाने सौदा केला. चौकापलीकडच्या शाळेच्या सभागृहात घेऊ. गुरुवारी दोन वाजता, तिन्ही पाळ्या एकदम."

तिचा हात थांबला. "तिन्ही एकदम? आणि माग?"

तो हसला. "अगं, तो नियम कुणी केला?"

"तूच."

"मग? मी कामगारमंत्री आहे, ताई. मी स्टेजवर बसलेलो असताना मालकाची काय बिशाद? तास दीड तासाचा प्रश्न आहे. ज्याने नियम केला तोच सांगतोय."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठ वाचणाऱ्या माणसाला डोळ्यांकडे बघायची सवय राहत नाही, हाच तिचा घात. ओठांनी जे सांगितलं ते स्वच्छ होतं. तिने विचारलं, "मी सांगू बायकांना?"

"तूच सांग. माझ्यापेक्षा तुझा शब्द मानतात."

ते मात्र खरं होतं. चार दिवस ती पाळी संपली की दारोदार फिरली. गुडघा दुखत होता, तरी तीन तीन मजले चढली. कुणी कुरकुर केली की म्हणायची, "माझ्या भावाला मी ओळखत नाही का? मी जबाबदार." बायका कबूल झाल्या. दादासाठी नाही, ताईसाठी झाल्या.

ठेंगणी झाली नाही. बुधवारी मागावर असतानाच ताईने तिला पुन्हा विचारलं. ठेंगणीने खोक्यावरून उतरून, समोर येऊन, एकेक शब्द नीट सुटा करून सांगितलं, "तुझा भाऊ आहे म्हणून मी काही वेडंवाकडं बोलत नाही. पण मी हात काढणार नाही. मी आणि माझी सून, आम्ही दोघी राहतो. तुम्ही जा, कागद घेऊन या, मग मी तुझी माफी मागेन."

"मला खोटी पाडतेस सगळ्यांसमोर?"

"खोटी नाही पाडत. तुला भाऊ आहे, मला माग आहे. ज्याला जे आहे ते त्याने धरून ठेवावं."

ताईला राग आला. तीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा ती ठेंगणीकडे पाठ फिरवून उभी राहिली, आणि गुरुवारी दुपारी निघतानाही तिच्याकडे न बघताच निघाली.

सभागृह भरलं. एकशे अठ्ठ्याहत्तर बायका, डोक्याला रुमाल, केसांत कापसाची पूड. स्टेजवर लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधोमध मंत्रिमहोदय, एका बाजूला मालकाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला मॅनेजर. ताई डाव्या अंगाला तिसऱ्या बाकावर बसली होती. पहिला मॅनेजर बोलायला उठला. आता त्या मॅनेजरला इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट कळू नये? त्याने माइक तोंडाला लावला. पूर्ण तोंड माइकच्या मागे. बायकांना आवाज कळत नव्हता, कळायचे ते ओठ, आणि ओठ झाकलेले. पाच मिनिटांत त्यांचा नाद सुटला. कुणी नखं बघायला लागली, कुणी छताचे पंखे मोजायला लागली. ताई बघत होती भावाकडे.

डाव्या दारात तेलवाला येऊन उभा राहिला. धापा टाकत होता. बारक्याने पाण्याची बाटली उचलली, एक घोट घेतला आणि दाराकडे मान वळवून ओठ हलवले.

"झालं का?"

लाउडस्पीकर खरखरत होता, मॅनेजर बोलत होता, स्टेजवर शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नव्हतं. अशा ठिकाणी दूरच्या माणसाशी बोलायचं तर बारक्याचे ओठ आपोआप तसेच हलत. पंधरा वर्षं तो हे ज्यांच्यात करत आला होता त्यांतल्या कुणालाही ते वाचता येत नव्हतं. आजचे लोक वेगळे आहेत, ही भाषा त्यांचीच आहे, एवढंही त्याच्या डोक्यात आलं नाही. समोरच्या बायका त्याला माणसं वाटतच नव्हत्या. गर्दी वाटत होती.

तेलवाल्याने ओठांनी उत्तर दिलं. "सगळं तयार आहे. आत दोघी आहेत. निघत नाहीत."

"कोण?"

"ठेंगणी आणि तिची सून."

बारक्याने क्षणभर विचार केला. बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "सांग, ताई पडली. चक्कर येऊन पडली, शुद्धीवर नाही म्हण. धावत येतील."

तेलवाला जागचा हलला नाही. त्याने खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"जा ना. कुलूप लाव आणि ये. तोवर मी भाषण लांबवतो."

तेलवाला गेला.

ताईने यातला शब्द न् शब्द वाचला. आधी तिला वाटलं आपण चुकीचं वाचलं. पण अडतीस वर्षांत तिने ओठ चुकीचे वाचले नव्हते, आणि हे ओठ तर तिने स्वतः घडवले होते. ताई पडली. स्वच्छ, सुटं, तिने शिकवलं होतं तस्संच. मग जे उसळलं ते दुःख नव्हतं. मालकाने फसवलं असतं तर ती रडली असती. मालकाचं कामच ते. पण ह्याने? आपल्या चुकीवर मांडीत डोकं खुपसून रडलेल्या ह्याने तीच चूक जपून ठेवली, धार लावली, आणि आज आमच्याच गळ्यावर फिरवली! वर माझं नाव वापरलं! ठेंगणी मालकासाठी हलणार नाही, मंत्र्यासाठी हलणार नाही, पण माझ्यासाठी हलेल, हे ह्याला पक्कं माहीत. माणसाची माया कुठे आहे हे नेमकं हेरून तिथेच हा सुरी लावतो, आणि याला लोक पुढारी म्हणतात!

शेजारी बसलेल्या पोरीने तिचा दंड घट्ट धरला होता. तिनेही वाचलं होतं. बाकीच्या पंख्यांकडे बघत होत्या.

ओरडून उपयोग नव्हता. ऐकणार कोण? ताईने चपला काढल्या, त्या पोरीच्या खांद्यावर हात टेकला, आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी बाकावर चढली. स्टेजकडे पाठ केली. दोन्ही हात वर केले, शेडमध्ये पट्टा तुटला की करतात तसे. एकशे सत्त्याहत्तर तोंडं तिच्याकडे वळली.

"आपल्याला फसवलंय," ती ओठांनी म्हणाली. "हमीबिमी काही नाही. शेडला कुलूप लावताहेत. माझ्या भावाने सांगितलं, मी वाचलं. माझी चूक झाली. उठा. पळा."

स्टेजवरून फक्त तिची पाठ दिसत होती. बारक्याने माइक ओढून घेतला आणि आपल्या भरदार आवाजात कौतुकाने म्हणाला, "ताई, बसून घ्या. तुम्हालाही बोलायची संधी मिळेल." तिच्या कानांपर्यंत ते पोचलंही नाही. आणि बायका उठल्या. एकही शब्द नाही, घोषणा नाही. नुसते बाक सरकले आणि सगळं सभागृह उभं राहिलं. मॅनेजरला वाटलं मंत्रिमहोदयांना मानवंदना देताहेत. त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मालकाचा मुलगाही उभा राहून वाजवायला लागला. दोघे टाळ्या वाजवत राहिले आणि समोरच्या दारांतून बायका बाहेर पडत गेल्या. पांढरा पडला तो एकटा बारक्या. त्याला उशिरा का होईना कळलं.

शाळा ते फाटक दोन रस्ते ओलांडायचे. तरण्या पोरी पुढे पळाल्या. ताई अनवाणी, गुडघा ओढत, वाहनांना हात दाखवत, लोक काय बघताहेत याची पर्वा न करता पळत होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई जेवढी पळू शकते तेवढी. कोपरा वळली आणि समोरून येणारी ठेंगणी तिला दिसली. सुनेच्या हाताला धरून, केस सुटलेले, एका पायात चप्पल, रडत, रस्त्याने भेटेल त्याला विचारत. तिच्या मागे, फार मागेही नाही, फाटकाची दोन्ही दारं मिटत होती. पुढे पळालेल्या पोरी फाटकापर्यंत पोचल्या तेव्हा तेलवाला साखळीतून कुलूप अडकवून बाजूला झाला होता.

ठेंगणीने फाटकाकडे वळूनही पाहिलं नाही. ती ताईवर येऊन आदळली. तिच्या गालांना हात लावला, कपाळ चाचपलं, दंड दाबून बघितले.

"बरी आहेस ना? कुठे लागलं? उभी कशाला राहिलीस, बस आधी!"

"मी पडले नव्हते," ताई म्हणाली.

ठेंगणीला समजेना. "तो म्हणाला, शुद्धीवर नाहीस. साहेबांनी पाठवलंय म्हणाला. मी निघणार नव्हते गं. पण म्हटलं, काल तू रागावून पाठ फिरवलीस, आणि असंच काही झालं तर..."  आता तिने मागे बघितलं.

तेव्हाच ताईच्या तळव्यांना जाणवलं की जमीन थरथरत नाही. फाटकाजवळची ती जमीन सव्वीस वर्षं कामाच्या दर दिवशी मागांच्या हादऱ्याने थरथरत होती. ठेंगणी आणि सून निघाल्या तसे शेवटचे मागही बंद झाले होते. 'मी सांगत होते' असं ठेंगणी म्हणू शकली असती. ती बोलली असती तर बरं झालं असतं. ती रस्त्याच्या कडेला बसली, आणि जिथे रोज दांडा धरलेला असायचा तो उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

मंत्र्यांची गाडी आली ती याच रस्त्याने. शाळेपासून मोठ्या रस्त्याला जायला दुसरी वाट नव्हती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बहिऱ्या बायकांपुढे हॉर्न वाजवून काय होणार? गाडी थांबली. बायका चारी बाजूंनी येऊन उभ्या राहिल्या. मारायला नव्हे, दगड कुणाच्याही हातात नव्हता. काळसर काचेपलीकडे मागच्या सीटवर बारक्या. ताई त्याच्या खिडकीशी गेली आणि काचेवर पंजा आपटला.

त्याने काच खाली घेतली नाही. घ्यायची गरजच नव्हती, त्याला वाटलं. तो काचेआडून ओठांनीच बोलायला लागला, घरी खाटेच्या कडेला बसून बोलला होता तसा.

"ताई, बाजूला हो. वरून आदेश होता, माझा नाइलाज होता. ऐक, तुझं मी बघतो. तुला घर देतो, तुला काही कमी पडू देणार नाही. या बाकीच्यांचं सोड."

"काच खाली कर," ताई म्हणाली. मोठ्याने म्हणाली. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्याने तो किती चढला हे तिला कळत नव्हतं. रस्त्यापलीकडचे दुकानदार बाहेर आले. "काच खाली कर आणि हेच मोठ्याने बोल! एवढा आवाज दिलाय देवाने, त्यावर मंत्री झालास, आता बसला का घसा? बोल, ताई पडली म्हणून सांग असं मी बोललो! बोल, तिचं नाव घेतलं म्हणजे बायका धावत येतात हे मला माहीत होतं!"

"ताई, तमाशा करू नकोस," ओठ म्हणाले. "या अडाणी बायका आहेत, यांना काय कळतंय. आपण घरी बोलू."

 ताई फक्त एक पाऊल बाजूला झाली. तेव्हा तिच्या मागे उभी असलेली रांग त्याला दिसली, तिच्या मागची दुसरी, पलीकडच्या खिडकीशी उभ्या असलेल्या, बॉनेटपुढे उभ्या असलेल्या. कुणी ओरडत नव्हतं. सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी होती, आणि ती त्याच्या डोळ्यांवर नव्हती. त्याने घर देतो म्हटलेलं त्यांनी वाचलं होतं. बाकीच्यांचं सोड म्हटलेलं वाचलं होतं. अडाणी म्हटलेलं आत्ता वाचत होत्या.

बारक्याने ड्रायव्हरला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तशा पुढच्या बायका काचेजवळ सरकल्या. त्याने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, आणि मग मंत्रिमहोदयांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

"काढ तो हात," ताई म्हणाली.

त्याने काढला नाही. गाडी हलल्याशिवाय तो काढणार नव्हता, आणि गाडी हलू नये म्हणून बायका बॉनेटपुढे रस्त्यावर बसायला लागल्या होत्या.